स्लॅब गळतोय आणि कंत्राटदार फोन उचलत नाही: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा लागला की या सदराकडे घरदुरुस्तीची पत्रं यायला लागतात आणि चवथ जवळ आली की ती वाढतात, कारण प्रत्येकाला गणपती घरात यायच्या आधी घर नीट करून हवं असतं आणि नेमके तेव्हाच मेस्त्री, पेंटर, इंटिरियरवाले सगळ्यांकडून अ‍ॅडव्हान्स घेऊन ठेवतात आणि कुणाचंच काम धड होत नाही. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं काढली आहेत.

प्रश्न: नमस्कार मॅडम, आम्ही साखळीला राहतो, घर पंचवीसेक वर्षांचं, वर स्लॅब. एप्रिलमध्ये एका कंत्राटदाराकडून टेरेसचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. ८५,००० ठरले, ५०,००० यूपीआयने दिले, बाकी कॅश. त्याने व्हॉट्सॲपवर "५ वर्षं गॅरंटी" असं लिहिलंय पण बिल दिलं नाही, मागितलं तर म्हणाला बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर द्या. जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात हॉलमध्ये आणि देवघराच्या भिंतीला ओल आली, आता पोपडे पडताहेत. आधी येतो येतो म्हणाला, आता म्हणतो तुमचा स्लॅबच जुना, मी काय करणार. सगळे सांगतात वकील केला तर ८५ हजारांसाठी तेवढेच पैसे जातील. काही होऊ शकतं का?
— एक गृहिणी, साखळी

उत्तर: होऊ शकतं ताई, आणि वकील न करताही होऊ शकतं. ग्राहक आयोगात स्वतःची तक्रार स्वतः मांडता येते, वकील लावायलाच पाहिजे असा नियम नाही. आणि काम ५ लाखांपर्यंतचं असेल तर तक्रारीची फीसुद्धा शून्य आहे. हे लोकांना माहीत नसतं म्हणून "तेवढेच पैसे जातील" या एका वाक्यावर लोक गप्प बसतात आणि कंत्राटदाराला ते पक्कं ठाऊक असतं.

आता कायद्याचं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे देऊन करून घेतलेलं वॉटरप्रूफिंग, रंगकाम, प्लंबिंग, वायरिंग हे सगळं त्यात "सेवा" म्हणून येतं. ठरल्याप्रमाणे काम झालं नाही किंवा हलकं झालं तर त्याला सेवेतली त्रुटी म्हणतात. तुमच्या केसमध्ये त्रुटी तर आहेच, शिवाय बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, म्हणजे त्याच्याविरुद्ध एक नाही दोन मुद्दे झाले. जीएसटीचं म्हणाल तर माणूस नोंदणीकृत असेल तर त्याने बिल द्यायलाच पाहिजे आणि नोंदणीकृत नसेल तर त्याला जीएसटी घ्यायचा अधिकारच नाही, मग साधं बिल द्यायला त्याला काय अडचण होती? नोंदणी आहे की नाही हे जीएसटीच्या वेबसाइटवर त्याचा नंबर टाकून फुकटात बघता येतं.

"स्लॅब जुना आहे" हे उत्तर मला जवळजवळ प्रत्येक गळतीच्या पत्रात दिसतं. पण तो टेरेसवर चढला, स्लॅब बघितला, माप घेतलं, मग रेट सांगितला आणि वर ५ वर्षांची गॅरंटी दिली. स्लॅब एप्रिलमध्येही तेवढाच जुना होता. त्या स्लॅबवर काम टिकणार नाही असं वाटलं असतं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, पैसे घेऊन झाल्यावर नाही. तुमच्या तक्रारीत हा मुद्दा अगदी वरच्या परिच्छेदात लिहा.

आता पुरावा, कारण खरी केस इथेच उभी राहते किंवा पडते. व्हॉट्सॲपचं चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, बदलावा लागलाच तर जुना फोन जपून ठेवा. पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून प्रिंट काढा, फक्त गॅरंटीच्या ओळीचा स्क्रीनशॉट नको, मागचंपुढचं सगळं हवं. यूपीआयचं बँक स्टेटमेंट काढा. कॅश दिलेल्या ३५,०००ची पावती नसणार, तर त्याला आजच शांतपणे मेसेज टाका की "एप्रिलमध्ये तुम्हाला ५०,००० यूपीआयने आणि ३५,००० रोख असे पूर्ण ८५,००० दिलेत, तरी घर गळतंय, कधी येता?" तो "येतो" म्हणाला, किंवा अगदी "स्लॅब जुना आहे" म्हणाला आणि रकमेबद्दल काही बोलला नाही, तरी ते तुमच्या कामी येतं.

आणि भिंत. माझ्याकडे डिचोलीच्या एक काकी आल्या होत्या, त्यांनी ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेष मारून बाजूला तारीख लिहिली होती, पुढच्या आठवड्यात डाग रेषेच्या बाहेर गेला की दुसरी रेष, दुसरी तारीख, आणि प्रत्येक वेळी शेजारी मेजरिंग टेप धरून फोटो. जूनपासून ऑगस्टपर्यंत तो डाग कसा पसरत गेला ते त्या फोटोंत असं दिसत होतं की वेगळं काही समजवायची गरजच नव्हती. तुम्हीही हे करा, आजपासून करा, रंग काढायच्या आधी. वरून टेरेसचे फोटो पण घ्या, कोटिंग कुठे फुगलंय, कुठे सुटलंय, पाणी कुठे साचतंय. जमलं तर एखाद्या सिव्हिल इंजिनियरला दाखवून लेखी रिपोर्ट घ्या, त्याची फी जाईल पण ती भरपाईत मागता येते, आणि समोरचा जेव्हा स्लॅबवर ढकलतो तेव्हा गळती नेमकी कशामुळे हे सांगणारा माहीतगार माणूस तुमच्या बाजूला असावा लागतो.

नंतर नोटीस. वकिलाचीच हवी असं नाही, साध्या कागदावर तुम्हीच लिहा, मराठीत लिहा: काम कधी ठरलं, किती दिले, गॅरंटी काय होती, गळती कधीपासून, आणि १५ दिवसांत येऊन काम नीट करा नाहीतर पैसे परत करा, दोन्ही नाही केलं तर ग्राहक आयोगात जाणार. स्पीड पोस्टाने पाठवा, रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, पावती आणि पोचल्याचा पुरावा दोन्ही सांभाळा, तोच कागद व्हॉट्सॲपवरही टाका. कायद्याने नोटीस सक्तीची नाही पण ती दिली की तुम्ही त्याला दुरुस्तीची संधी दिली होती हे दिसतं, आणि बरेच कंत्राटदार नोटीस हातात पडली की परत टेरेसवर चढतात.

पंधरा दिवस गेले आणि तो आला नाही, तर घर गळत ठेवून बसू नका. नुकसान वाढू न देणं हीसुद्धा तुमची जबाबदारी असते. फोटो, रिपोर्ट सगळं घेऊन झाल्यावर दुसऱ्याकडून ताडपत्री, पत्रे, जे तात्पुरतं करायचं ते करून घ्या, मात्र बिल घेऊन, आणि तो खर्च तक्रारीत लावा.

तक्रार कुठे, तर तुम्ही डिचोली तालुक्यातल्या म्हणजे उत्तर गोवा, पर्वरीला उत्तर गोवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. दक्षिणेतल्या लोकांसाठी मडगावला, आणि अपिलासाठी राज्य आयोग पणजीला. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली, तक्रार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात करता येते, कंत्राटदार बेळगावचा असो की सिंधुदुर्गातला, त्याने इथे यायचं. घरबसल्या ई-जागृती पोर्टलवरूनही तक्रार भरता येते, पूर्वीचं ई-दाखिल आता त्यातच आलंय. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंत दिलेल्या कामाच्या तक्रारी चालतात, त्यामुळे घरदुरुस्तीची बहुतेक सगळी प्रकरणं तिथेच. तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र, नोटरी करून. मागणीत काय लिहायचं: काम दोषमुक्त करून देणं किंवा ८५,००० परत, आतल्या रंगाचा आणि भिंतीचा खर्च, इंजिनियरची फी, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च.

मुदत २ वर्षांची आहे, आणि ती गळती पहिल्यांदा दिसली तेव्हापासून धरा. फोनवर "येतो येतो" ऐकण्यात जे महिने जातात ते मुदतीत वाढवून मिळत नाहीत. आयोगाची नोटीस पोचल्यावर त्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर १५ वाढवून, त्याच्यापुढे नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय, आणि तो आलाच नाही तर एकतर्फी निकाल होऊ शकतो. कायदा म्हणतो ३ महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे आधीच मनाशी धरून चला म्हणजे मध्येच सोडून द्यावंसं वाटणार नाही.

प्रश्न: फोंड्याला नवीन फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन आणि दोन वॉर्डरोब करायला दिले. लेखी कोटेशन ४ लाख २० हजारांचं आहे, त्यातले जवळपास ३ लाख देऊन झाले. आता अर्ध्यात काम थांबवून म्हणतो प्लायचे भाव वाढले, आणखी ६० हजार द्या नाहीतर पोरांना दुसऱ्या साइटवर पाठवतो. वर कोटेशनमध्ये मरीन प्लाय लिहिलंय आणि आतून बघितलं तर मला ते मरीन वाटत नाही. बायको म्हणते देऊन टाका आणि मोकळे व्हा.
— नोकरदार, फोंडा

उत्तर: देऊ नका, निदान आधी बघून घ्या. कोटेशन तुम्ही मान्य केलं, त्याने अ‍ॅडव्हान्स घेतला, करार झाला. भाव वाढला तर रेट वाढेल असं त्यात लिहिलेलं नसेल तर त्याला एकट्याला रेट वाढवता येत नाही. भाव उतरले असते तर त्याने तुम्हाला परत दिले असते का, एवढा एकच प्रश्न त्याला विचारा.

पण एक बाजू त्याचीही बघायला हवी. तुम्ही मध्येच दोन ड्रॉवर वाढवले, टॉल युनिट जोडलं, हँडल बदलली असं काही असेल तर त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत, करारात नसलं तरी. म्हणून त्याला लेखी सांगा की एक्स्ट्रा काय काय झालं त्याची यादी रेटसकट द्या. खरं एक्स्ट्रा काम असेल तर तो यादी देईल. नुसताच दबाव असेल तर यादी येणार नाही, आणि यादी न देणं हाही तुमचा पुरावाच आहे.

प्लायचं मात्र आजच बघा, लॅमिनेट चिकटायच्या आधी. प्लायच्या शीटवर शिक्का असतो. मरीन म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायसाठी भारतीय मानक आयएस ७१०, आणि साध्या वापराच्या प्लायसाठी आयएस ३०३, त्यात नुसता दमटपणा सोसणारा एमआर आणि पाण्याला जास्त टिकणारा बीडब्ल्यूआर असे प्रकार. कापलेल्या तुकड्यांवर पण कुठेतरी शिक्का सापडतो, साइटवर पडलेले तुकडे गोळा करून ठेवा, फेकायला देऊ नका, आणि उरलेल्या शीटचे फोटो शिक्का वाचता येईल असे काढा. कोटेशनमध्ये ७१० आणि साइटवर ३०३ निघाला तर ते निव्वळ हलकं काम नाही, एक दर्जा सांगून दुसरा देणं ही कायद्यातली अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि त्यावर दंडात्मक भरपाईही मागता येते. त्याच्याकडून प्लायवाल्या दुकानाचं बिल मागा. आपल्याकडच्या दमट हवेत सिंकखालचा साधा प्लाय किती टिकतो हे इथल्या प्रत्येक सुताराला माहीत आहे, म्हणून ही गोष्ट मी हलक्यात घेत नाही.

तो खरंच सोडून गेला तर दुसऱ्या दोन इंटिरियरवाल्यांकडून "उरलेलं काम पूर्ण करायला किती" याची लेखी कोटेशनं घ्या. तुमच्याकडे बाकी राहिलेले १ लाख २० हजार आणि ही रक्कम यांच्यातला फरक तुम्ही त्याच्याकडून मागू शकता.

प्रश्न: मोरजीला घराच्या मागे दोन खोल्या पाहुण्यांना देतो, मी आणि माझी बायको मिळून बघतो, तेच आमचं पोट. दोन एसी बसवून घेतले, बसवणाऱ्याने पाइपचं काम इतकं वाईट केलं की गॅस दोनदा गेला, पाहुण्यांना पैसे परत द्यावे लागले. तक्रार करतो म्हटलं तर म्हणतो तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहकच नाही.
— पेडणे तालुका

उत्तर: हे अर्धवट ज्ञान आहे आणि ते मुद्दाम वापरलं जातं. व्यापारी हेतूसाठी घेतलेली सेवा कायद्यातून वगळली आहे हे खरं. पण त्याच कलमात पुढे स्पष्टीकरण आहे की फक्त स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करण्यासाठी घेतलेली वस्तू वापरणारा ग्राहकच राहतो, आणि सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनियरिंगच्या निकालात हे समजावून सांगितलंय. पंचवीस खोल्यांचं हॉटेल आणि नवराबायकोने स्वतः झाडून पुसून चालवलेल्या दोन खोल्या या एक नाहीत. तक्रारीत अगदी स्पष्ट लिहा की आम्ही दोघंच काम करतो, नोकर नाहीत, हेच उत्पन्नाचं साधन आहे. हे वाक्य तक्रारीत नसलं तर पहिल्याच तारखेला तो तुम्हाला तिथेच अडवणार.

खोल्यांची पर्यटन खात्यात नोंदणी आहे ना तेवढं बघून घ्या, गोव्यात १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली ती लागते, आणि नसेल तर समोरचा तेच पुढे करेल. पाहुण्यांना परत दिलेल्या पैशांचे व्यवहार आणि त्यांचे मेसेज काढून ठेवा. आयोगाने समजा तुम्हाला ग्राहक मानलं नाहीच तरी दिवाणी कोर्टाचा रस्ता उघडा असतो, तिथे मुदत ३ वर्षांची.

प्रश्न: ॲपवरून गीझर दुरुस्तीला माणूस बोलावला, त्याने ॲपवर दाखवलेल्या रकमेपेक्षा १,४०० जास्त मागितले, म्हणाला पार्ट बाहेरून आणला, कॅश द्या. दुसऱ्या दिवशी गीझर परत बंद. कंपनी म्हणते कॅशचं आम्हाला माहीत नाही, आम्ही फक्त प्लॅटफॉर्म.
— मडगाव

उत्तर: ॲपवर बुकिंग झालं, बिल तिथून आलं, तर "फक्त प्लॅटफॉर्म" म्हणून हात झटकता येत नाहीत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं आणि एका महिन्यात सोडवायची. त्या अधिकाऱ्याचं नाव-पत्ता ॲपमध्ये असतो, खाली कुठेतरी बारीक अक्षरांत, शोधून त्यालाच ईमेल करा, चॅटबॉटशी भांडून काही होत नाही. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा, तिथे मराठीत बोलता येतं, त्यांच्याकडे ऑर्डर काढायचा अधिकार नाही पण मोठ्या कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला बऱ्यापैकी लवकर हलतात, असा माझा अनुभव आहे. १,४०० साठी आधी हेच करा. कार्टमध्ये न मागता मेंबरशिप किंवा इन्शुरन्स घुसवलेलं असेल तर तेही लिहा, २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांच्या, मार्गदर्शक तत्त्वांत त्याला मनाई आहे. आणि पुढच्या वेळी ॲपबाहेर कॅश देऊ नका, दिलीच तर त्याच्या नंबरवर यूपीआयने द्या, म्हणजे माग राहतो.

प्रश्न: माझे मिस्टर बोटीवर असतात, वर्षातले सात-आठ महिने घरी नसतात. घर त्यांच्या नावावर. चवथीआधी बाहेरून रंग काढायला एका माणसाला ४५,००० अ‍ॅडव्हान्स दिला, पैसे मिस्टरांच्या खात्यातून गेले. तो दोन दिवस आला, परांची बांधली, भिंत घासली आणि गायब. परांचीपण कोणीतरी येऊन रात्री सोडून नेली. फोन बंद. पोलिसात गेले तर म्हणाले ही सिव्हिल मॅटर आहे. त्याचा पत्ता माहीत नाही. एकटी बाई म्हणून असं करतात असं वाटतं.
— एक वाचक भगिनी, बार्देश

उत्तर: तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. घरात पुरुष नाही हे बघून अ‍ॅडव्हान्स मोठा मागणं आणि मग फोन न घेणं, या तऱ्हेची पत्रं मला बोटीवरच्या आणि गल्फमधल्या लोकांच्या घरांतून नेहमी येतात, आणि दर वेळी राग येतो.

पहिलं म्हणजे तक्रार तुम्ही स्वतः करू शकता, मिस्टरांची वाट बघायची गरज नाही. पैसे त्यांनी दिले असले तरी त्यांच्या संमतीने त्या सेवेचा फायदा घेणारी व्यक्तीसुद्धा कायद्याने ग्राहक असते, आणि त्या घरात राहता तुम्ही. त्यांच्याकडून एक अधिकारपत्र मागवून ठेवा, बोटीवरून सही करून स्कॅन पाठवलं तरी सुरुवातीला चालवून घेता येईल, सुट्टीवर आले की नोटरी करा. सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्यासाठी अर्ज करायचीही कायद्यात सोय आहे.

पोलिसांचं अर्धं बरोबर आहे. काम अपुरं राहिलं, हलकं झालं, उशीर झाला, हे सगळं दिवाणी. पण सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता असं दिसत असेल तर ती फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे पूर्वीचं ४२०. दोन दिवस देखाव्यापुरतं काम, रात्रीत परांची नेणं, फोन बंद, यावरून हेतू दाखवता येतो, आणि त्याने आजूबाजूला आणखी कोणाला असंच केलं असेल तर फारच स्पष्ट होतं. वाड्यावर, बाजूच्या वाड्यावर विचारा. दोन-तीन घरं निघाली तर सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. तरी नोंदवून घेतली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येते, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

पत्त्याचं काम मात्र कष्टाचं आहे. तक्रारीत समोरच्याचा पत्ता लागतोच, त्याशिवाय नोटीस कुठे पाठवणार. यूपीआयच्या पावतीवर खात्यावरचं नाव येतं. रंग कुठल्या दुकानातून आणला ते डब्यावरच्या किंवा बिलाच्या कागदावरून बघा, त्या दुकानदाराकडे अशा माणसांची उधारी असते आणि त्याला घर माहीत असतं. परांचीचे बांबू किंवा पाइप भाड्याने दिले असतील तर भाड्याने देणाऱ्याकडेही पत्ता मिळेल. ज्याने या माणसाचं नाव सुचवलं त्यालाही विचारा, भीड ठेवू नका.

आणि वकील हवा असेल तर पैशांची काळजी करू नका, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, कितीही शिकलेली कमावती असली तरी. १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात जा.

ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय त्यांच्यासाठी इथेच लिहिते. अ‍ॅडव्हान्स मटेरियल येईपर्यंत थोडाच द्या, बाकी कामाच्या टप्प्यांवर, आणि गळतीच्या कामात तर दहा टक्के तरी पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. चांगला कंत्राटदार याला तयार होतो, फक्त हे आधी ठरवावं लागतं. आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला लाजू नका.

प्रश्न: वाळवीच्या ट्रीटमेंटला ५ वर्षं वॉरंटी, ११,०००. दीड वर्षात दाराच्या चौकटीला परत लागली. बिलावर छापलंय "रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही". मग संपलं का?
— काणकोण

उत्तर: नाही. असं छापल्याने कायदा बदलत नाही. सदोष सेवा दिली आणि बिलातल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करायला नकार दिला तर तीच अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आधी वॉरंटीप्रमाणे फुकट परत ट्रीटमेंट लेखी मागा, चौकट बदलू नका, मातीच्या नळ्या दिसताहेत तोपर्यंत फोटो काढा.

प्रश्न: आयोगाचा निकाल आमच्या बाजूने लागला, बाथरूमच्या कामाचे १ लाख १० हजार आणि भरपाई द्यायला सांगितलंय. दोन महिने झाले, कंत्राटदार म्हणतो कागद फ्रेम करून लावा भिंतीवर.
— वास्को

उत्तर: त्याने अपील केलंय का ते आधी बघा. राज्य आयोगात अपिलाची मुदत ४५ दिवसांची असते आणि अपील करायचं तर निकालाच्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, त्यामुळे नुसती वेळकाढूपणा करणारे बहुतेक तिथेच थांबतात. अपील नसेल तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. दोन रस्ते आहेत आणि दोन्ही एकदम धरता येतात. कलम ७१ खाली आदेश दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावला जातो, म्हणजे बँक खातं, गाडी, मालमत्ता यांच्यावर जप्ती. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला कमीत कमी एक महिना ते ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा २५,००० ते १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज करताना त्याच्या मालमत्तेची माहिती तुम्हालाच द्यावी लागते, म्हणून ज्या खात्यात तुम्ही पैसे भरले त्याचा तपशील, त्याच्या टेम्पोचा नंबर, दुकानाचा पत्ता, सध्या कुठल्या साइटवर काम चालू आहे, हे सगळं लिहून आदेशाची प्रमाणित प्रत जोडून द्या. या अर्जाला उशीर करू नका.